विनापावतीचं बियाणं

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात, अकोली जहागीर या गावी, हजाराहून अधिक शेतकरी एका शेतात जमले आणि त्यांनी सर्वांसमक्ष कायदा मोडला. शेतकरी संघटनेनं ही पेरणी आधी जाहीर केली होती, पत्रकारांनाही बोलावलं होतं. पेरलं ते एचटीबीटी कपाशीचं बियाणं. तणनाशक फवारलं तरी ही पऱ्हाटी मरत नाही, भोवतीचं तण तेवढं मरतं. केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीनं, म्हणजे जीईएसीनं, या कपाशीला परवानगी दिलेली नाही. परवानगीशिवाय ती पेरणं हा पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैदेचा आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा होता. काही शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. बियाणं मात्र थांबलं नाही. गावोगाव ते आजही मिळतं, आणि त्याचं नाव चोरबीटी.

जगात जनुकीय पिकांच्या विरोधात पुष्कळ आंदोलनं झाली. अशा पिकाच्या बाजूनं शेतकऱ्यांनी सत्याग्रह केल्याची उदाहरणं विरळ आहेत, आणि हे त्यांतलं ठळक उदाहरण आपल्या वऱ्हाडातलं आहे. त्यावर ज्या दोन बाजू ऐकू येतात त्या मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. मामा अकोट तालुक्यातला, कोरडवाहू कपाशी-तुरीचा शेतकरी, शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींच्या काळापासून छातीवर संघटनेचा बिल्ला लावणारा. भाची जैवतंत्रज्ञान शिकलेली, प्रयोगशाळेत जनुकांवर काम केलेली. शेतकरी नव्या तंत्राच्या बाजूचा आणि शास्त्र शिकलेली मुलगी सावध, हे शहरातल्या वाचकाला उलटं वाटेल. तिकडे ते नेहमीचं आहे.

मामा: मला आधी एक सांग पोरी. सरकीचं तेल तुमच्या पुण्या-मुंबईच्या फरसाणात असतं की नाही? सरकीची ढेप खाणाऱ्या म्हशीचं दूध तुम्ही पिता की नाही? बीटी कपाशी २००२ ला आली. आज देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी आहे. म्हणजे दोन दशकं तुम्ही जनुकीय पिकाचं तेल खाऊन राहिले. अर्जेंटिना, ब्राझीलहून सोयाबीनचं तेल येतं, तेही त्यातलंच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन जनुकीय सोयापेंड आणायला परवानगी दिली, कोंबड्यांना खायला. परदेशातल्या शेतकऱ्यानं पिकवलेलं चालतं आणि मी पेरलं की पोलीस. हे काहून?

भाची: हा दुटप्पीपणा आहे, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण मामा, खाऊन काय होतं हा एक प्रश्न आणि पेरून काय होतं हा दुसरा. पहिल्याची मला फार काळजी नाही. मी त्या जनुकांसोबत काम केलंय, त्यांना भुतासारखं घाबरायचं कारण नाही. बीटीमुळे शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या असं सरसकट म्हणणारेही मला पटत नाहीत. त्या आत्महत्या बीटीच्या आधी सुरू झाल्या होत्या आणि कर्ज, भाव, पाऊस ही कारणं तुम्ही मला शिकवलीत. माझी काळजी शेताची आहे. आणि बीटी व एचटी एका मापानं मोजू नका. बीटी झाड अळीला मारणारं विष स्वतःच तयार करतं, त्यानं फवारणी कमी व्हायला हवी होती. एचटी म्हणजे तणनाशक सहन करणारं, ते पेरायचं ते फवारता यावं म्हणूनच.

मामा: मग जुलैत झड लागते तेव्हा ये एकदा. आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही. डवरा चालत नाही, बैल चिखलात रुततात. तण पऱ्हाटीच्या वर जातं. वाफसा झाला की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात निंदण हवं असतं, आणि बाया मिळत नाहीत. शेजारच्या गावाहून ऑटो भरून आणाव्या लागतात. मजुरी वेगळी, ऑटोचं भाडं वेगळं. एक निंदण, दुसरं निंदण, तिसऱ्याला हातात पैसा उरत नाही. तेच काम तणनाशकाच्या एका फवाऱ्यात होतं. हा हिशोब गावातल्या कोणालाही विचार, शास्त्र शिकावं लागत नाही.

भाची: हिशोब खरा आहे. पण तो पहिल्या पाच-सात वर्षांचा आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातलं एक विकर बंद पाडतं. त्याशिवाय झाडाला काही आवश्यक अमिनो आम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ते सुकतं. एचटी कपाशीत त्या विकराचं जिवाणूकडून घेतलेलं दुसरं रूप घातलंय, त्यावर ग्लायफोसेटचा परिणाम होत नाही. इतकीच करामत. पण शेतातल्या लाखो तणांत एखादं आपोआप तगणारं निघतं, दर वर्षी तेच औषध मारलं की तेवढंच बी धरतं, आणि काही वर्षांत शेतभर तेच होतं. अमेरिकेत आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातल्या एका तणानं हेच केलं. तिथल्या कपाशीवाल्यांना पुन्हा माणसं लावून तण उपटावं लागलं. आणि तुमच्या कपाशीतल्या तुरीच्या ओळीचं काय? ग्लायफोसेट तुरीला ओळखत नाही.

मामा: तुरीच्या ओळी सोडून मारतो. पंपाच्या नोझलला टोपी लावतो.

भाची: तुम्ही लावता. रोजानं फवारणारा लावेल? हळूहळू तूरच बंद होईल. कपाशी गेली तर तूर, हा कोरडवाहू शेतीचा विमा होता. तो सुटला तर साल वाईट गेल्यावर घरात डाळही राहणार नाही.

मामा गप्प राहिला असं मी लिहिणार नाही, कारण असा मुद्दा निघाला की प्रत्यक्षात कोणी गप्प राहत नाही. तुरीचा भाव, नीलगाय, रानडुकरं, सगळं निघतं. पण भाचीचा हा मुद्दा मला फार वजनाचा वाटतो आणि चोरबीटीच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडून त्याचं नीट उत्तर मी ऐकलेलं नाही.

भाची: आता ज्या बाया मिळत नाहीत म्हणता, त्यांचं बोलू. भूमिहीन घरातल्या बाईला वर्षातून दोनदा हातात रोकड येते, निंदणाला आणि वेचणीला. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीनं २०१३ मध्ये सांगितलं होतं की तणनाशक सहन करणारी पिकं भारतात नकोत, आणि त्याचं एक कारण हा रोजगार होतं.

मामा: त्या समितीत निंदणारी एक तरी बाई होती का? तुझी आजी कमरेतून वाकली ती याच कामानं. सकाळी नऊपासून उकिडवं बसून विळ्यानं तण काढायचं, खाली चिखल, वर पाऊस, अंगावर युरियाच्या गोणीची खोळ. हे काम टिकावं म्हणून दिल्लीत शिफारस करायची! बाईला चांगलं काम मिळो, चांगला रोज मिळो. पण ती निंदतच राहावी म्हणून मी नवं तंत्र घेऊ नये, हा न्याय कोणता? शहरात धुण्याचं यंत्र आणताना कोणी असा विचार करतं?

भाची: समितीत ती नव्हती. पण मामा, तुम्हीही तिच्या वतीनंच बोलताय. काम जाताना तिला दुसरं काय मिळणार हे ठरवल्याशिवाय "तिची कंबर वाचली" म्हणणं सोपं आहे. तणनाशक आलं त्या गावांत तिचा रोज वाढला का? वेचणीचा दर वाढला का? रोजगार हमीची कामं निघाली का? तंत्र आणणाऱ्यांनी हे मोजलं नाही आणि तंत्र अडवणाऱ्यांनीही मोजलं नाही.

इथे मला दोघांच्या मधे यावंसं वाटतं. या वादातले सगळे कागद चाळले तर कंपनी दिसते, शास्त्रज्ञ दिसतो, शेतकरी नेता दिसतो, पर्यावरणवादी दिसतो. विळा हातात धरणारी बाई कुठेच साक्षीला नाही. तिच्या नावानं दोन्हीकडून युक्तिवाद होतात. बीटी वांग्याच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या सुरुवातीला देशातल्या सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं. निर्णय कोणाला पटो न पटो, मंत्री स्वतः बसून ऐकत होता. एचटीबीटीसाठी असं काहीच झालेलं नाही.

मामा: नागपूरच्या त्या सुनावणीचं नको सांगू. ऐकून घेतलं आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. तेच वांगं बांगलादेशनं २०१३ मध्ये मंजूर केलं, पुढच्या वर्षी शेतकऱ्यांनी लावलं. आमच्याकडे स्थगिती ती स्थगितीच. म्हणून म्हणतो, अर्ज-विनंत्यांनी काही होत नाही. २००१ आठव. गुजरातमध्ये नवभारत १५१ नावाचं बियाणं सापडलं, त्यात बीटीचं जनुक निघालं. परवानगी नव्हती. बोंडअळीनं बाकी सगळं खाल्लं आणि हेच उभं राहिलं. दिल्लीहून हुकूम निघाला, उपटा आणि जाळा. शेतकरी आडवे झाले, शरद जोशी त्यांच्या बाजूनं उभे राहिले. आणि पाचच महिन्यांनी, २६ मार्च २००२ ला, बीटीला परवानगी मिळाली. शेतकऱ्यानं आधी पेरलं म्हणून सरकारला लिहावं लागलं.

भाची: आणि म्हणूनच हा पायंडा पडला. आधी चोरून पेरा, पसरू द्या, मग सरकार म्हणेल आता काय करणार. यात तपासणी होतच नाही. कोणतं जनुक, किती शुद्ध, उगवण किती, कोणालाच माहीत नाही.

मामा: तपासलेल्या बियाण्यानं काय दिवे लावले? २०१७ ला माझ्याकडे सगळं परवानगीचंच होतं. पाकीट, पावती, लॉट नंबर, सगळं.

२०१७ चं साल कपाशीच्या पट्ट्यात कोणी विसरलेलं नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. शेंदरी बोंडअळी, जिला आता सगळे गुलाबी बोंडअळी म्हणतात, ती लागलेलं फूल उमलत नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुंडाळल्यासारख्या राहतात. त्याला डोमकळी म्हणतात. ती वेळीच तोडून नष्ट केली नाही की अळी बोंडात जाते. आत शिरल्यावर तिचं छिद्र बुजतं, त्यामुळे हिरवं बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं, आणि शेतकरी झाडावरची बोंडं मोजून मनात क्विंटल मांडत असतो. बोंड फोडलं की कळतं: सरकी पोखरलेली, रुई पिवळी आणि चिकटलेली, तिची कवडी झालेली. अळी सरकीतच बसून खाते, म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या वर्षी राज्यात चाळीस लाखांहून अधिक हेक्टरांवर कपाशी होती आणि एकामागून एक जिल्ह्यात हीच बोंडं फुटत होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर धरावा लागत होता, आणि औषध माणसाच्या अंगावर, तोंडावर परत येत होतं. मेलेल्यांत रोजानं फवारणारे मजूरही होते.

भाची: हे का झालं ते ऐका, कारण एचटीबीटीचं उत्तर त्यात आहे. बीटीचं विष अळीला पचू नये म्हणून कडेनं बिगर-बीटी ओळी लावायच्या होत्या. त्यांच्यावर वाढलेल्या साध्या पतंगांशी तगलेल्या पतंगांची सरमिसळ व्हावी, इतकाच हेतू. पाकिटात १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची. तुम्ही ती पेरली?

मामा: कोणीच नाही पेरली. ती ओळ अळीला द्यायची आणि मी बघत बसायचं? एवढीशी शेती, त्यात दान कशाचं करू?

भाची: मी तुम्हाला दोष देत नाही. पाच एकरवाल्याला ते परवडणारच नव्हतं, हे योजना आखणाऱ्यांना कळायला हवं होतं. पुढे कंपन्यांनी ते बी एकाच पाकिटात मिसळून द्यायला सुरुवात केली, पण उशिरा. दुसरं, फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन मार्चपर्यंत कपाशी ठेवली की अळीला बारमाही घर मिळतं. तिसरं कारण सगळ्यांत मोठं, आणि त्यावर कमी बोललं जातं. आपण संकरित वाण पेरतो. संकरितात विषाचं जनुक एकाच पालकाकडून येतं, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या काही सरक्यांत ते उतरतं, काहींत उतरत नाही. ही अळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात थोडं विष, थोडं बिनविषारी अन्न! प्रतिकार वाढवायला यापेक्षा सोयीची व्यवस्था नाही. गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला ही अळी दाद देत नाही, हे २०१० मध्ये ते जनुक विकणाऱ्या मोन्सँटो कंपनीनंच मान्य केलं होतं. दोन जनुकांच्या बोलगार्ड दोनचंही पुढे तेच झालं.

मामा: मग अमेरिकेत काहून नाही झालं? तीच अळी, तेच जनुक.

भाची: तिथे अळी संपली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं जाहीर केलं की आमच्या कापूस पट्ट्यातून शेंदरी बोंडअळी गेली. पण ती नुसत्या जनुकानं गेली नाही. प्रयोगशाळेत वाढवलेले नापीक पतंग विमानानं शेतांवर सोडले, पीक वेळेत मोडलं, सापळे लावून मोजत राहिले. शेतकरी, विद्यापीठ आणि सरकार वर्षानुवर्षं एकत्र राबले. आपल्याकडे जनुक आलं आणि बाकी काहीच आलं नाही. तुमची संघटना तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागते. अळी सातबारा पाहून थांबत नाही मामा. एकट्यानं वापरायचं स्वातंत्र्य इथे पुरतच नाही, गावानं मिळून करायचं काम आहे हे.

मामा: गावानं मिळून करायचं तर कृषी सहायक गावात दिसला पाहिजे. आणि बीटीनं काहीच दिलं नाही असं म्हणू नको. नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी काय करायची ते तू पाहिलं नाहीस. मोनोक्रोटोफॉसचे फवारे मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. बीटी आल्यावर ती अळी गेली ती गेली. देशात २००२ च्या हंगामात हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास रुई होती, ती पाच-सहा वर्षांत साडेपाचशेवर गेली.

भाची: गेली, आणि मग खाली आली. त्या वाढीचं श्रेय किती बीटीचं, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. मॅटिन काइम आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१२ मध्ये दाखवलं की बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी आणि नफा ५० टक्क्यांनी वाढला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचे आकडे घेऊन सांगितलं की वाढ मुख्यतः खतांची आणि इतर कारणांची आहे, आणि कीटकनाशकांवरचा खर्च बीटीपूर्वी होता त्याच्याही वर गेलाय. दोघांचे आकडे खरे असू शकतात. एकांनी सुरुवातीची वर्षं पाहिली, दुसऱ्यांनी पुढचीही.

मामा: तुझा रोख कंपनीवर आहे, ते कळतं मला. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या वर होतं, त्यात हजार-बाराशे नुसते जनुकाचे. आंध्र सरकार २००६ मध्ये भांडलं म्हणून भाव खाली आला. मग केंद्रानं भावच बांधून टाकला, जनुकाचं शुल्क कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. २०२५ ला पाकीट ९०१ रुपये. स्वस्त झालं, खरं. पण तेव्हापासून नवं काय आलं? एचटीचा अर्ज कंपनीनं २०१६ मध्ये मागे घेतला. तुम्ही लुटमार थांबवली आणि दारही लावून घेतलं.

भाची: यावर मी तुमच्याशी भांडणार नाही, कारण भाव बांधताना सरकारनं दुसरं दार उघडायला हवं होतं आणि ते उघडलं नाही. सरकारी संस्थांनी स्वतः बीटी वाण केलं होतं, बिकानेरी नरमा. संकरित नव्हतं, शेतकऱ्यानं घरचं बी ठेवून पुन्हा पेरावं असं सरळ वाण. मोठा गाजावाजा करून ते शेतकऱ्यांना दिलं आणि लगेच मागे घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सँटोच्याच जनुकाची सरमिसळ निघाली. मी शिकत होते तेव्हा त्याची आम्हाला लाज वाटायची. एक चूक झाली म्हणून तो रस्ता सोडायचा नव्हता. जगात जवळजवळ सगळे देश सरळ वाण पेरतात. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर संकरित कपाशी पेरणारा देश आपणच. सरळ वाणाचं बी स्वस्त, म्हणून दाट लावता येतं. दाट लावलं की झाड बुटकं राहतं, बोंडं एकदम लागतात, पाच महिन्यांत रान मोकळं. शेंदरी अळीचा जोर वाढतो तोवर कापूस घरात.

मामा: हे तू आज सांगतेस. मला हे बी कोणत्या दुकानात मिळालं असतं?

भाची: कुठल्याच नाही. जे बी तुम्ही घरी ठेवू शकता, ते दुकानदाराला दर वर्षी विकता येत नाही. म्हणूनच ते विद्यापीठानं आणि राज्याच्या बियाणे महामंडळानं, महाबीजनं, करायचं असतं.

मामा: आणि त्यांचं बोंड लहान असतं. वेचणाऱ्या बाईला किलोवर पैसे मिळतात, ती मोठ्या बोंडाच्या शेतात जाते. माझा कापूस झाडावर राहतो. कागदावर वाण काढणाऱ्यांनी एकदा वेचून पाहावं. मोठ्या बोंडाचं, लवकर येणारं, तण सहन करणारं सरळ वाण दे. मला कंपनीचं प्रेम नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं दिलं तर मी चोरबीटीला हात लावणार नाही.

भाची: हे तुम्ही अकोली जहागीरला मागितलं असतं तर मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते.

मामा: आणि तुम्ही शिकलेल्यांनी हे विद्यापीठात बसून मागितलं असतं तर आम्हाला अकोली जहागीर करावं लागलं नसतं.

दोघं इथवर आले, आणि माझ्या मते खरा प्रश्नही इथेच आहे. एचटीबीटी चांगलं की वाईट, यावर माझा कल भाचीकडे आहे. तूर जाईल, तण पुन्हा माजेल आणि फवारणारा मजूर आणखी विषात उभा राहील, ही तिची भीती मला रास्त वाटते. पण शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, कारण सरकारनं त्याला धड होही म्हटलेलं नाही आणि धड नाहीही म्हटलेलं नाही. कंपनीनं अर्ज मागे घेतल्यानंतर फाईल पुन्हा हलल्याच्या बातम्या आल्या, निर्णय आला नाही. ग्लायफोसेटचंही तेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ठरवलं की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच फवारायचं. असे कीडनियंत्रक गावात असतात का? नसतात, आणि औषध तर बाजारात मिळत राहतं. पाळता येणार नाही असा नियम कागदावर करून सरकारनं जबाबदारी हातावेगळी केली.

या मधल्या पोकळीत चोरबीटीचा बाजार उभा आहे. अधिकृत पाकिटावर लॉट नंबर असतो, उगवणशक्ती छापलेली असते, दुकानदार पावती देतो. बियाणं उगवलं नाही तर त्या पावतीवर तालुक्याच्या समितीकडे तक्रार करता येते, पंचनामा होतो, ग्राहक आयोगात जाता येतं. चोरबीटीचं पाकीट ओळखीच्या माणसाकडून, बहुधा उधारीवर, रात्री घरपोच येतं. ते उगवलं नाही, त्यात साधं बीटीच निघालं, तणनाशक मारल्यावर अख्खं रान जळालं, तर तो शेतकरी कोणाकडे जाणार? तक्रार करायची म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. कारवाई झालीच तर ती पाकिटं पोहोचवणाऱ्या पोरावर होते. ते बी मोठ्या प्रमाणावर तयार कोण करतं, शेकडो किलोमीटर कसं येतं, याचा माग टोकापर्यंत लागलेला मी तरी वाचलेला नाही. हे बियाणं वर्षानुवर्षं उघड गुपित आहे, आणि त्यातला सगळा धोका शेवटच्या माणसाच्या माथी आहे.

जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं परवानगीबद्दल एकमत झालं नाही. पण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत होतं: जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवं आणि ते राज्यांशी, शेतकऱ्यांशी, संबंधित सगळ्यांशी बोलून करावं. महाराष्ट्रानं त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. शेती राज्याचा विषय आहे, आणि देशात सर्वाधिक कपाशी पेरणाऱ्या राज्यांत आपण आहोत. राज्य सरकारनं एचटीबीटीवर नागपुरात, अकोल्यात, यवतमाळात, परभणीत मराठीतून जाहीर सुनावणी घ्यावी. चाचण्यांची उपलब्ध माहिती मराठीत छापून ग्रामपंचायतीत लावावी. साक्षीला शेतकरी बोलवावा, शास्त्रज्ञ बोलवावा, फवारणारा मजूर बोलवावा आणि निंदणारी बाई बोलवावी. मग होकार असेल तर होकार, नकार असेल तर नकार, पण तो तारीख घालून, कारणासह द्यावा. आणि निर्णय काहीही होवो, अकोला, परभणी, नागपूर इथल्या संस्थांना घरी बी ठेवता येईल अशा सरळ वाणांसाठी पैसा आणि माणसं द्यावीत, आणि ते बी मे महिन्यात तालुक्याच्या दुकानात पावतीसह मिळावं. तुमच्या मतदारसंघात कपाशी पेरली जात असेल तर ही मागणी आमदाराकडे लेखी द्या.